बाल्डर्स गेट पहिल्यांदा खेळताय? आधी तो खालचा मजकूर वाचा

२०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ आला, ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं की या नावाचे दोन गेम आधी होऊन गेलेत. तिसरा भाग खेळायचा तर १५० जीबी जागा आणि दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. पहिला भाग मात्र तुमच्या खिशातल्या फोनवर चालतो. मूळ गेम डिसेंबर १९९८ चा, कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर कंपनीचा. ही कंपनी सुरू करणारे लोक चक्क पेशाने डॉक्टर होते. पुढे त्याच शहरातल्या बीमडॉगने २०१२ मध्ये गेमची ‘एन्हान्स्ड एडिशन’ काढली आणि ती आयपॅड, अँड्रॉइडवरही आणली.

तर लोक उत्साहाने विकत घेतात, इन्स्टॉल करतात, पहिल्या तासात चार-पाच वेळा मरतात आणि डिलीट करून टाकतात. गेम खरंच तितका अवघड नाही. तो आतल्या आत काय मोजतोय हे आपल्याला कळत नाही, गोची तिथे आहे.

माझ्या आतेभावाचंच घ्या. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बीजीएमआयमध्ये तरबेज. त्याने जादूगार निवडला, कारण जादूगार भारी दिसतो. गोष्ट सुरू होते कॅंडलकीप नावाच्या किल्ल्यात. किल्ला कसला, मोठं ग्रंथालयच ते. तिथे आपल्या हिरोला गोरायन या जादूगाराने लहानाचं मोठं केलंय. एक दिवस गोरायन म्हणतो, ताबडतोब निघायचंय. भाऊ लगेच निघाला. त्याच रात्री वाटेत गोरायन मारला जातो (हे ठरलेलंच आहे, तुम्ही काही करू शकत नाही) आणि हिरो इमोएन या मैत्रिणीबरोबर जंगलात उरतो. तिथे एका लांडग्याने भावाला मारलं. सेव्ह उघडलं, पुढे गेला. ‘फ्रेंडली आर्म इन’ नावाच्या धर्मशाळेच्या पायऱ्यांशी पोचला, तर तिथे टार्नेश नावाचा माणूस नाव विचारत आला आणि काही सेकंदांत खेळ खलास. भावाचा मेसेज आला: “दादा, गेम बिघडलाय का? मी टॅप टॅप करतोय, हा मारतच नाहीये!”

गेम बिघडलेला नव्हता. तो फासे टाकत होता.

हा गेम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो. आपल्या सापशिडीचा फासा सहा बाजूंचा, यांचा मुख्य फासा वीस बाजूंचा. कुणी तलवार चालवली की गेम गुपचूप हा फासा टाकतो. आकडा पुरेसा आला तर घाव बसतो, नाहीतर तलवार हवेत. तुम्ही किती जोरात किंवा किती वेळा टॅप केलं याचा त्याच्याशी काही संबंध नाही. गेमच्या आत सहा-सहा सेकंदांच्या फेऱ्या चालतात आणि त्या सहा सेकंदांत सुरुवातीच्या तलवारबाजाला एकच वार मिळतो.

पुरेसा आकडा म्हणजे किती? इथे तो कुप्रसिद्ध ‘थॅको’ येतो. पहिल्या पातळीवर कुणाचाही थॅको २० असतो. समोरच्याच्या बचावाचा आकडा म्हणजे ‘आर्मर क्लास’. थॅकोमधून आर्मर क्लास वजा करा, तितका किंवा जास्त आकडा फाशावर यायला हवा. शत्रूच्या अंगावर काहीच नसेल तर त्याचा आर्मर क्लास १०, म्हणजे तुम्हाला १० किंवा वर हवं. वीसपैकी ११ आकडे चालतील, ५५ टक्के. आर्मर क्लास ५ असेल तर १५ किंवा वर हवं, ३० टक्के. आणि ० असेल तर फक्त २० आला तरच, म्हणजे ५ टक्के. आर्मर क्लास जितका कमी तितका बचाव चांगला, हे उलटं गणित नव्या माणसाला हमखास फसवतं. दुकानात चिलखत बघताना लोक मोठा आकडा शोधतात आणि चक्क वाईट चिलखत घेतात. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने थॅको काढून टाकला आणि हे गणित सरळ केलं, पण आपला गेम त्याच्या आधीचा.

टेबलावर खेळताना हे सगळं सांगायला समोर एक खेळवणारा माणूस असतो. १९९८ मध्ये गेमच्या खोक्यात जाड मॅन्युअल असायचं. फोनवर यातलं काहीच समोर येत नाही. पण एक गोष्ट असते: स्क्रीनच्या खालच्या भागातला मजकुराचा चौकोन. भावाने तो छोटा करून ठेवला होता, कारण “नकाशा दिसत नाही.” खरी माहिती तिथेच येते. ऑप्शन्समधल्या ‘फीडबॅक’ विभागात जाऊन ‘टू-हिट रोल्स’ चालू आहे ना बघा. मग प्रत्येक वाराचा फासा, त्यात मिळालेली भर आणि बसला की चुकला, सगळं लिहून येतं. मी स्वतः कोड लिहिताना जसा लॉग वाचतो, अगदी तसंच. दहा मिनिटं हा लॉग वाचलात की कुठल्या शत्रूच्या नादी लागू नये ते आपोआप कळायला लागतं.

आता जादूगाराकडे वळू. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे चार ते सहा हिट पॉइंट असतात. लांडग्याचा एखाद-दुसरा चावा, संपलं. शिवाय मंत्र म्हणजे रोजच्या डेटा पॅकसारखे असतात: वापरला की गेला, झोपून उठल्यावर परत मिळतो. फरक इतकाच की कुठला मंत्र हवा हे झोपायच्या आधीच निवडून ठेवावं लागतं. पहिल्या पातळीला तो ‘स्लीप’च निवडा, माझं ऐका. कमजोर शत्रूंचा आख्खा घोळका एका मंत्रात आडवा होतो आणि झोपलेल्यावर वार चुकत नाही. तरी पहिल्याच खेपेला लढवय्या घेतलेला बरा. हिरो मेला की खेळ संपतो, मग बाकीचे साथीदार जिवंत असले तरी उपयोग नाही.

टार्नेशचं काय करायचं? तो आधी ‘मिरर इमेज’ने स्वतःच्या प्रतिमा उभ्या करतो, मग ‘हॉरर’ टाकतो. त्याने तुमची माणसं घाबरून सैरावैरा पळतात, तुमचं ऐकत नाहीत. लक्षात ठेवायचा नियम एकच: मंत्र म्हणत असताना घाव बसला तर मंत्र वाया जातो. म्हणून त्याने तोंड उघडताच पॉज दाबा. पॉज दाबणं ही चीटिंग नाही, गेम तसाच बनवलाय. ज्यांना चालवता येतं त्यांच्या हातात धनुष्यबाण द्या, कारण धनुष्याचे एका फेरीत दोन बाण सुटतात. पहिले काही बाण प्रतिमांवरच जातील, जाऊ द्या, प्रतिमा फुटायलाच हव्यात. माणसं एकमेकांपासून लांब उभी करा, म्हणजे एका ‘हॉरर’मध्ये सगळी सापडणार नाहीत. आणि पायऱ्या चढायच्या आधी सेव्ह करा, हे सांगायला नकोच.

मुळात कॅंडलकीपमधून घाईने बाहेर पडूच नका. तिथे जागोजागी उभे असलेले शिक्षक नियम समजावतात, सहा जणांची टोळी घेऊन मायावी शत्रूंशी सराव करता येतो, आणि लहानसहान कामं करून चार पैसे मिळतात. त्या पैशांत चिलखत येतं. लढवय्याला दुसरी पातळी गाठायला २००० अनुभवगुण लागतात आणि तिथे त्याचे हिट पॉइंट जवळपास दुप्पट होतात. तोपर्यंतचा काळच काय तो जिवावरचा. अगदीच जमत नसेल तर अडचणीची पातळी ‘ईझी’ करा. ‘स्टोरी मोड’मध्ये तुमचं कुणी मरतच नाही, पण मग फाशांना अर्थ उरत नाही. मी तरी तो सुचवणार नाही.

फोनवर खेळताना एक जरा त्रास होतो. या गेममधला प्रत्येक परिसर म्हणजे आधीच बनवून ठेवलेलं एक मोठं चित्र आहे. कुठे चालता येतं हे एका वेगळ्या छोट्या नकाशात नोंदवलेलं असतं, तो आपल्याला दिसत नाही. त्यामुळे अरुंद दारात सहा जण अडकतात, बोटाने टॅप केलेली जागा थोडी हुकते. झूम करून एकेकाला हलवा. टॅब असेल तर उत्तमच.

धर्मशाळेत खालिद आणि जहीरा हे जोडपं भेटतं, त्यांना बरोबर घ्या आणि दक्षिणेला नॅशकेलच्या खाणीकडे निघा. त्या भागातलं लोखंड खराब झालंय, त्यामुळे ऐन लढाईत तलवार मोडते. प्रत्येकाकडे एक जास्तीचं हत्यार देऊन ठेवा, आणि तलवार मोडल्याची बातमीसुद्धा त्या खालच्या चौकोनातच येते.