पार्टी तिच्या नावाची

धाराशिव जिल्ह्यात येरमाळ्याजवळ चोराखळी आहे. इथली कलाकेंद्रं लोकांना ठाऊक आहेत ती लावणीसाठी, आणि त्यांच्याविषयी कुजबुजही पुष्कळ चालते. पण आतला कारभार कसा चालतो हे कळलं, की माणूस तोंडात बोट घालतो.

एका केंद्रात अनेक संगीत पार्ट्या मुक्कामाला असतात. मंचावर एकीची बारी संपली की दुसरीची सुरू. पार्टी ओळखली जाते बाईच्या नावानं, आणि मालकीणही बहुधा तीच. ढोलकीवाला, तबलजी, पेटीवाला हे पुरुष; पण ते तिच्या पार्टीत कामाला. केंद्राचा वाटा, वादकांचा हिस्सा, मुलींचं राहणं-खाणं, सगळा हिशेब तिच्या हातात. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला आपल्याकडं अजून किती मिनतवाऱ्या कराव्या लागतात, ते आठवून पाहा!

गाण्यातही हुकूम तिचाच. बैठकीच्या लावणीत ती बसूनच अदा करते. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. आधी रुसवा, मग लाडीगोडी, मग नुसती भुवई. पुढची ओळ कधी येणार, हे तिचं तिलाच माहीत. पेटीवाला तिच्या चेहऱ्यावरची नजर न काढता सूर धरून बसतो. तिची मान जराशी हलली की ढोलकी कडाडते आणि मग ढोलकी-घुंगरांची झुंज लागते.

या अदाकारीचं शिखर म्हणजे वाईच्या यमुनाबाई वाईकर. त्यांच्या पार्टीच्या नावातच यमुना, हिरा, तारा अशी तीन बायकांची नावं होती. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली; 2018 मध्ये, वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या.

आता वाद्यांचं म्हणाल, तर तिकडं पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत 1961 साली महिला पोलिसांचा एक वाद्यवृंद उभा राहिला, 'लेझ आमाझोन द गिने'. गिटार, ड्रम, सॅक्सोफोन, सगळं बायकाच वाजवत. मालकी आणि अदाकारी यांत आपल्या बाया कुणाला हार जायच्या नाहीत. पण या पार्ट्यांमधली ढोलकी मात्र आजही बहुतेक ठिकाणी पुरुषाच्याच मांडीवर आहे.