बर्फातल्या उघड्या टेकड्या

येत्या २२ डिसेंबरला शिक्रापुरात शाळेच्या मैदानावर एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करा आणि तिची सर्वांत आखूड सावली मोजा. घड्याळात तेव्हा साडेबारा होऊन गेलेले असतील. सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरेल; म्हणजे सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर आहे. त्याच दिवशी अंटार्क्टिकातल्या शिर्माकर टेकड्यांवर अशीच काठी रोवली, तर मध्यान्हीची सावली भरेल १०८ सेंटिमीटर. सूर्य ४३ अंशांवर, आपल्यापेक्षा जेमतेम पाच अंश खाली! शिवाय त्या दिवशी तो तिथे मावळतच नाही. मग एवढ्या उन्हात तिथला बर्फ वितळून का जात नाही?

कारण ताजे हिम शंभरातले ऐंशीहून अधिक भाग ऊन परतवून लावते. उघडा खडक मात्र बहुतेक ऊन शोषतो, तापतो आणि कडेचे हिम वितळवतो. दक्षिणेकडून सरकत येणारा बर्फ या टेकड्यांपाशी अडतो, पडलेले हिम सोसाट्याचा वारा उडवून नेतो. एकदा उघडा पडलेला खडक असा उघडाच राहतो. सुमारे ३४ चौरस किलोमीटरांचे हे खडकाळ बेट, भोवती पाण्याऐवजी बर्फ! उंची सरासरी अवघी शंभर मीटर. आपल्याकडे अशा टेकडीला कोणी नावही देणार नाही. १९३९ साली जर्मन मोहिमेतील वैमानिक शिर्माकर यांना ती विमानातून दिसली. १९६१ मध्ये रशियनांनी तिथे ठाणे उभारले.

आपली पहिली मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ मध्ये समुद्राकडच्या बर्फावर 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे बांधले. पण साचत जाणाऱ्या हिमाखाली ते काही वर्षांतच गाडले गेले. म्हणून १९८९ मध्ये 'मैत्री' हे ठाणे शिर्माकरच्या खडकावर, पोलादी पायांवर उभे राहिले. खालून वारा वाहतो, हिम साचत नाही.

आणि पिण्याचे पाणी? या टेकड्यांत शंभरावर तळी आहेत. मैत्रीसमोरच्या तळ्याचे नाव प्रियदर्शिनी. हिवाळ्यात त्याचा पृष्ठभाग गोठतो. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून तो वरच तरंगतो आणि झाकणासारखा खालच्या पाण्याची उष्णता राखतो. त्याखालचे पाणी पंपाने ओढून घेतात.