नऊवर थांबू नकोस, दहापर्यंत जा!

ए दोस्ता, वही-पेन घे बरं! ११ गुणिले ११ किती? १२१. आता १११ ला १११ ने गुण. १२३२१! आणि ११११ ला ११११ ने? १२३४३२१! अरे, आकडे ओळीने चढले आणि ओळीने उतरले!

नऊ वेळा १ लिहून असंच केलंस, तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. आहे की नाही देखणी?

अशा संख्यांचं एका शाळामास्तरांना भारी वेड होतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर! १९०५ साली डहाणूला जन्मले, नाशिकजवळ देवळालीला शिकवायचे. ही कल्पना त्यांना कुठे सुचली, ओळख! रेल्वे स्टेशनवर! स्टेशन होतं डेम्लो, म्हणजे आताचं डोंबिवली. म्हणून या झाल्या डेम्लो संख्या.

आता आपण थोडी खोडी काढू. नऊवर मागे न वळता दहापर्यंत जाऊ आणि मग उलटं येऊ: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. काय झालं असेल?

त्याआधी एक गोष्ट. समज, देऊळघाटच्या शाळेच्या मैदानावर कवायत आहे. मुलं १२ असली, तर चार-चार जणांच्या ३ रांगा होतात. पण १३ आली तर? दोन-दोन उभी कर, तीन-तीन कर, पाच-पाच कर, कोणीतरी उरतंच! सगळ्यांची एकच लांब रांग, नाहीतर एकेकटं उभं राहायचं. अशा हट्टी संख्येला म्हणतात मूळ संख्या.

आपली देखणी संख्या मुळीच हट्टी नाही. तिला ३ ने भाग जातो, ३७ ने जातो, ३३३६६७ नेसुद्धा जातो! आणि दहापर्यंत गेलेली? ती चक्क मूळ संख्या आहे! वीस आकडी! घरातल्या मोठ्यांना विचार, एकं, दहं, शतं म्हणत कुठवर जाता? ती यादी परार्धावर संपते. ही संख्या १२३ परार्धांहूनही मोठी! तरी तिच्या सारख्या रांगा होतच नाहीत. खात्री करायला साडेतीन अब्जांच्या थोडं पुढपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, तरी पुरे. हाताने कोण करणार? पण संगणकाला जमतं!

नुसत्या १-१ च्या संख्याही अशाच मजेदार. ११ मूळ आहे. त्यानंतर थेट १९ वेळा १ लिहावा लागतो, मग २३ वेळा, मग ३१७ वेळा! १०३१ वेळा १ लिहिलेली संख्या मूळ आहे, हे सिद्ध झालं १९८६ साली. कापरेकर गेले तेही त्याच वर्षी.

बघ हं, १९, २३, ३१७, १०३१ हे आकडेही मूळच! १ किती वेळा लिहिला, ती संख्या मूळ नसेल, तर १-१ ची संख्या मूळ होणं जमतच नाही. पण ती मूळ असली की जमेलच, असंही नाही! ७ मूळ आहे ना? मग सात वेळा १ लिही: १११११११. आता २३९ ने भागून बघ!