शुद्ध जाते, हिशेब राहतो

डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून निघालेल्या बाया पायी नागपूरला, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर धडकल्या. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी पुढे होत्या आणि मागणी होती चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदीची. शेजारच्या गडचिरोलीत ती 1993 पासूनच आहे. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला आली, 2021 मध्ये उठली. बंदी फसली की फसवली, यावर मूल गावातल्या चहाटपरीपासून मंत्रालयापर्यंत वाद झडले. पिऊन बायकोला मारणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं, हे मात्र त्यात फारसं कुणी विचारलं नाही.

‘पिऊन होता, शुद्धीत नव्हता.’ ही सबब सासूपासून पंचांपर्यंत सगळ्यांना पटते. पण हाच गडी वाटेत ठाणेदार दिसला की बाजूला होतो, सावकाराला रामराम घालतो आणि हात उचलतो तो घरी पोचल्यावर. मॅकअँड्र्यू आणि एजर्टन या अमेरिकी अभ्यासकांनी 1969 मध्ये नाना समाजांतले दाखले गोळा केले. कुठे माणसं पिऊन भांडतात, कुठे नुसती गप्प बसतात. प्यायल्यावर काय खपवून घेतलं जाईल, हे माणूस आधीच शिकलेला असतो. म्हणून काही दारू निर्दोष ठरत नाही. स्टील आणि जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये मांडलं की नशेत लक्ष आक्रसतं : समोरचा राग दिसतो, उद्याचे परिणाम दिसत नाहीत. बायांची मागणी भाबडी नव्हतीच.

हात उचलण्याचं हे शिक्षण कोवळ्या वयात सुरू होतं. 1961 मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या 72 मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला हवा भरलेला बाहुला बदडताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी नंतर त्याच तऱ्हेने बाहुला झोडपला, शब्दही तेच वापरले. बाहुला म्हणजे आई नव्हे, हे खरंच. पण ‘बापाचा पोरगा, बापासारखाच निघणार’ हे गावचं भाकीतही तितकंच कच्चं आहे. कॅथी विडम यांच्या 1989 च्या अभ्यासात छळ सोसलेल्या मुलांमध्ये पुढे गुन्ह्यांचा धोका वाढलेला दिसला, तरी बहुसंख्य मुलं हिंसक झाली नाहीत.

अशी मुलं सावरतात कशी? हवाई बेटांतल्या कौआईवर एमी वर्नर यांनी 1955 मध्ये जन्मलेल्या 698 बाळांचा माग चाळिशीपर्यंत ठेवला. गरिबी, भांडणं, बापाची दारू अशा ओझ्याखाली वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, जबाबदार माणसं झाली. त्यांच्यापैकी बहुतेकांना घरात नाही तर घराबाहेर जीव लावणारं एक तरी मोठं माणूस भेटलं होतं : आजी, शेजारीण, एखादी शिक्षिका.