खत झालं की नाही, कसं ओळखायचं?

तायांनो, मे महिन्याच्या गटबैठकीत हा प्रश्न हमखास येतो, "खड्डा भरून चार महिने झाले, आता खत टाकू का?" नुसते महिने मोजून याचं उत्तर मिळत नाही. अधूनमधून वरखाली केलेला, ओल राखलेला ढीग तीन-चार महिन्यांत तयार होऊ शकतो. नुसता भरून ठेवलेला उकिरडा सहा महिन्यांनीही कच्चा निघतो.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. पाणी साचून, हवा न लागता सडलेलं खतही काळंभोर दिसतं, पण ते हाताला चिकटतं आणि नाक धरावं लागतं. तयार खताला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. त्यात पान कुठलं, शेण कुठलं हे ओळखू येत नाही. तुरीच्या काडीचे जाड तुकडे राहतात, त्याची काळजी नको.

कच्चं खत टाकलं तर काय बिघडतं? उरलेला काडीकचरा कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं, ते जमिनीतूनच उचलतात. म्हणजे खत घालूनही पीक पिवळं पडतं. तणाचं बी जिवंत राहतं आणि निंदायला पुन्हा आपणच वाकायचं! न कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्याही शेतात जातात.

आधी लोखंडी सळई ढिगाच्या मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. गरम लागली तर आत काम चालू आहे. थंड लागली तरी लगेच खूश होऊ नका, कोरडा ढीगही थंडच असतो. खत मुठीत दाबा. लाडूसारखा गोळा झाला पाहिजे, पाणी गळता कामा नये. कोरडं असेल तर पाणी शिंपडून ढीग वरखाली करा आणि आठवडाभराने पुन्हा सळई घाला. परत तापला तर खत झालेलं नाही.

माझा सगळ्यात जास्त भरवसा बियाण्यावर. एका करवंटीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती निम्मं खत घ्या. तळाला भोक पाडा. दोन्हींत मुगाचे दहा-दहा दाणे लावून रोज सारखंच पाणी द्या. आठवड्याने मोजा. खताच्या करवंटीत दाणे कमी उगवले किंवा मुळांची टोकं तपकिरी झाली, तर अजून तीन-चार आठवडे थांबा. शेणकाला शिंपडा, ढीग पालथा घाला, मग पुन्हा दाणे लावा.

ज्या गटांना खताच्या पिशव्या विकायच्या आहेत, त्यांनी ही करवंटी चुकवूच नये. आपल्या खताने एखादीची परसबागेतली मेथी पिवळी पडली, तर ती दुसरी पिशवी घेणार नाही आणि चार जणींना सांगेल.

चाळताना वर राहिलेला भरडा फेकू नका. नव्या खड्ड्यात टाका, विरजणासारखा कामी येतो.