ऑटोमॅटिक कॉफी मशीनचा दिवा लागतो, तेव्हा ते नक्की काय मोजत असतं?

ऐकायला वेळ नाही, पण बसमध्ये फोन हातात आहे, अशांसाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलण्यातले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" शक्य तेवढे कापलेत, उरलेसुरले सांभाळून घ्या.

घरच्या कॉफीवर बोललो तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. बटण दाबलं की बीन्स दळून थेट एस्प्रेसो देणारं ते मशीन घ्यावं का, आणि मेंटेनन्स फार असतो का? माझ्याकडे असं मशीन तीन वर्षं आहे, रोज चारेक कप निघतात. माझं उत्तर असं, की कॉफी करणं ऑटोमॅटिक असतं, मशीनची काळजी घेणं नसतं. घोळ हा होतो की मशीन दिवे लावतं, मेसेज दाखवतं, आणि आपल्याला वाटतं आत कुठलातरी सेन्सर सगळं बघतोय. बहुतेक वेळा आत कोणी बघत नसतं. एक काउंटर मोजत असतो, बस.

आधी आत काय होतं ते पटकन बघू. ग्राइंडर ठराविक वेळ किंवा ठराविक फेरे फिरतो आणि साधारण ७ ते ११ ग्रॅम कॉफी दळतो. ती पावडर ब्रू ग्रुप नावाच्या भागात पडते. तिथे पिस्टन ती दाबून घट्ट करतो, पंप गरम पाणी दाबाने तिच्यातून ढकलतो, कप भरतो, आणि उरलेल्या चोथ्याची गोल वडी मागच्या डब्यात पडते. हे सगळं एका मिनिटाच्या आत. कॅफेत बरिस्ता हाताने करतो तेच काम. घरगुती वापरासाठी ते एका खोक्यात बसवलं ते साएको या इटालियन कंपनीने, १९८५ मध्ये. (खोक्यावर मोठ्या अक्षरात "१५ बार" लिहिलेलं असतं, त्याने हुरळून जाऊ नका. तो पंपाचा कमाल दाब. एस्प्रेसोला ९ बारच्या आसपास लागतो.)

एक गोष्ट लक्षात आली का? कॉफी किती ग्रॅम पडली हे मशीनने वजन करून बघितलंच नाही. ग्राइंडर किती फिरला तेवढंच त्याला माहीत. बीन्स बदलल्या, हलक्या-जड असल्या की डोस बदलतो आणि मशीनला त्याचा पत्ताही नसतो.

चोथ्याच्या डब्याचं तसंच. "डबा रिकामा करा" असा मेसेज येतो तेव्हा मशीनने डब्यात डोकावलेलं नसतं, वड्या मोजलेल्या असतात. म्हणून बऱ्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, की डबा मशीन चालू असतानाच काढा. बंद असताना रिकामा केलात तर काउंटर शून्यावर येत नाही, आणि दोन कप झाले की रिकाम्या डब्यासाठी मशीन बोंबलायला लागतं. डेलॉन्गीच्या काही मॉडेल्समध्ये दुसरा काउंटरही आहे. डबा भरलेला नसला तरी पहिल्या कॉफीनंतर ७२ तासांनी मेसेज येतो, कारण ओल्या चोथ्याला बुरशी धरते. मागचं मेन स्विच बंद केलंत तर ते ७२ तास नीट मोजले जात नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात मी ७२ तासांचीही वाट बघत नाही. रोज रात्री डबा आणि ट्रे रिकामा, धुऊन उपडा. ट्रेमध्ये एवढं पाणी कुठून येतं, मशीन गळतंय का, असं खूप जण विचारतात. गळत नाहीये. चालू-बंद होताना मशीन नळ्या धुतं, ते पाणी तिथे जातं.

आता मुख्य काउंटर. डिस्केल.

शाळेत आपण "दुष्फेन पाणी" शिकलो होतो, साबणाला फेस येत नाही ते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की त्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, आणि ते जिथे तापतंय तिथेच चिकटतं. गिझरच्या कॉइलवर किंवा इलेक्ट्रिक किटलीच्या तळाला जो पांढरा थर दिसतो, तोच. फरक इतकाच की या मशीनमध्ये पाणी धातूच्या ठोकळ्यातल्या काही मिलिमीटर रुंदीच्या वाटेने जातं. किटलीत थर दिसतो, इथे दिसत नाही.

एक हिशोब करू. चार कप आणि नळ्या धुण्याचं पाणी धरून दिवसाला साधारण ५५० मिली, म्हणजे वर्षाला २०० लिटर. पाण्याचा हार्डनेस लिटरला ४० मिलिग्रॅम असेल तर वर्षभरात मशीनमधून ८ ग्रॅम क्षार जातात. हार्डनेस ३०० असेल तर ६० ग्रॅम. सगळे काही आत बसत नाहीत, बरेचसे कपातून तुमच्या पोटात जातात. पण अरुंद वाटेला थोडेही पुरतात. आणि ३०० हे पाणी पिण्यासाठी बेकायदा वगैरे नाही. भारतीय मानकात २०० पर्यंत योग्य, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. माणसाला चालणारं पाणी मशीनला चालेलच असं नाही.

मग मशीनला कसं कळतं की थर बसलाय? कळत नाही. आत एक फ्लो मीटर असतो. लहानसं चक्र, त्याला चुंबक, पाणी गेलं की चक्र फिरतं आणि पल्स येतात. पल्स मोजून किती लिटर गेलं ते कळतं. हार्डनेस किती ते तुम्ही सेटिंगमध्ये सांगितलेलं असतं, १ ते ४ किंवा ५ असं काहीतरी. त्या दोन्हीवरून मशीन ठरवतं की इतके लिटर झाले, दिवा लावा. म्हणजे एक व्हेरिएबल मोजलेला आणि एक तुम्ही हाताने टाकलेला. दुसरा चुकला की उत्तर चुकलं. कोड लिहिणाऱ्याचा दोष नाही, त्याच्याकडे तेवढीच माहिती आहे.

माझ्या एका मित्राचं मशीन याच्यातच गेलं, आणि त्याने सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतं. डिसेंबरमध्ये मशीन आणलं, सोबत आलेली टेस्ट स्ट्रिप पाण्यात बुडवली, पाणी सौम्य निघालं, सेटिंग सगळ्यात खालची ठेवली. स्ट्रिप बरोबरच होती. तेव्हा सोसायटीत महापालिकेचं पाणी येत होतं, आणि पुण्याला येणारं खडकवासल्याचं पाणी सौम्यच असतं. पण सोसायटी शहराच्या कडेला. मार्च संपला की टँकर सुरू, म्हणजे बोअरचं पाणी. नळ तोच, टाकी तीच, पाणी वेगळं. मशीनच्या लेखी मात्र अजून डिसेंबर होता. अडीच वर्षांत पाणी पुढे सरकेना. सर्व्हिस सेंटरने सांगितलेला आकडा ऐकून तो मशीन उचलून घरी घेऊन आला. आता ते त्याच्या बाल्कनीत आहे, कुंडीशेजारी.

म्हणून, सेटिंग वर्षातून एकदा करून विसरायची गोष्ट नाही. टँकर सुरू झाले की परत स्ट्रिप, बंद झाले की परत स्ट्रिप. पाण्याच्या फिल्टरवाला देतो ते टीडीएसचं पेन इथे पुरत नाही. ते सगळे विरघळलेले पदार्थ मिळून मोजतं, त्यातले थर बसवणारे किती ते सांगत नाही. आरओचं पाणी घातलं तर थराचा त्रास बराच कमी होतो, पण कॉफी फिकी लागते, कारण चव उतरायला पाण्यात थोडे क्षार लागतात. स्पेशालिटी कॉफीवाले टीडीएस १५० च्या आसपास धरतात. मी उन्हाळ्यात अर्धं आरओ आणि अर्धं नळाचं मिसळतो, आणि स्ट्रिप त्या मिश्रणात बुडवतो.

दिव्यावर अवलंबून न राहता थर ओळखायचा असेल तर एक साधा उपाय आहे. मशीन नवीन असताना (किंवा नुकतं डिस्केल केलेलं असताना) मापाच्या कपात १०० मिली गरम पाणी काढा आणि किती सेकंद लागले ते फोनमध्ये लिहून ठेवा. दर महिन्याला तेच करा. कॉफीच्या कपावरून हे लवकर कळत नाही, कारण मशीन ठरलेलं पाणी मोजूनच थांबतं, त्यामुळे कप तेवढाच भरतो. वेळ मात्र वाढत जातो. पंपाचा आवाज बदलतो. कॉफी कोमट लागायला लागते. कोमट का, तर तापमानाचा सेन्सर असतो धातूच्या ठोकळ्यावर. ठोकळा म्हणतो मी तापलोय, पण ठोकळा आणि पाणी यांच्यामध्ये थराची गोधडी असते.

डिस्केलिंग स्वतः कंटाळवाणं आहे, अर्धा-पाऊण तास. कंपनीचं डिस्केलर वापरा, ते लॅक्टिक किंवा तसंच एखादं ॲसिड असतं. किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, स्वस्त पडतं. पण गरम मशीनमध्ये कडक द्रावण गेलं तर कॅल्शियम सायट्रेटचा नवाच गाळ तयार होऊ शकतो, आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळा. व्हिनेगर नको. टाकीत फिल्टर असेल तर आधी काढा. आणि मध्येच लाइट जाणार नाही असा दिवस निवडा. पुण्यातल्यांनी गुरुवारी हा कार्यक्रम काढू नये, का ते तुम्हाला माहीत आहे.

काही जण दिवा जावा म्हणून डिस्केलचा प्रोग्रॅम नुसत्या साध्या पाण्यावर चालवतात. दिवा जातो! मशीनला ॲसिड आणि पाणी यातला फरक कळत नाही, काउंटर शून्यावर येतो. थर आहे तिथेच आहे, आणि पुढचे कित्येक लिटर तुम्हाला कोणी आठवणही करणार नाही. माझ्या मते दिवा चालू ठेवून कॉफी पिणं याच्यापेक्षा बरं.

ब्रू ग्रुपचं सोपं आहे, फक्त करावं लागतं. फिलिप्स, साएको, डेलॉन्गीच्या बऱ्याच मशीनमध्ये बाजूचं दार उघडून तो बाहेर काढता येतो. आठवड्यातून एकदा नळाखाली धरा, साधं पाणी, साबण नाही. साबणाने ओ-रिंगवरचं ग्रीस जातं. पूर्ण वाळवून मगच आत. काढलाच आहे तर आतली सांडलेली पावडर ब्रशने झाडून घ्या, कारण ऊब, अंधार आणि ओल म्हणजे झुरळांना आयतं घर. दोन-तीन महिन्यांनी ओ-रिंगला खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. ग्रुप कुरकुरायला लागला तर उशीर झालाय. युरासारख्या मशीनमध्ये ग्रुप असा बाहेर निघत नाही, तिथे गोळ्या टाकून प्रोग्रॅम चालवायचा. मला हातात घेऊन बघता येणारा ग्रुप आवडतो.

बीन्सबद्दल थोडक्यात. तेलाने चकाकणाऱ्या, काळ्याकुट्ट भाजलेल्या नकोत. त्या हॉपरला चिकटतात आणि ग्राइंडर रिकामा फिरतो. मध्यम भाजलेल्या चिकमगळूर किंवा कूर्गच्या घ्या. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी पावडर बायपासच्या कप्प्यात टाकू नका, चिकोरी पाण्यात विरघळून चिकट होते. इन्स्टंट तर नाहीच नाही. दळण्याचा जाडपणा फक्त ग्राइंडर चालू असतानाच बदला, एका वेळी एकच खूण, आणि दोन-तीन कप झाल्याशिवाय निकाल देऊ नका.

दुधासाठी कोणताच काउंटर माझा भरवसा मिळवू शकलेला नाही. मशीन "नळी धुवा" म्हणतं, आपण बटण दाबतो, गरम पाणी जातं, झालं. पण आत सुकलेलं दूध नुसत्या पाण्याने निघत नाही. शेवटच्या कपानंतर नळी सुटी करून धुवायची, रोज. आळस येत असेल तर दुधाच्या सिस्टिमचं मशीन घेऊ नका, साधी वाफेची नळी बरी. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे साय. तापवलेलं दूध गाळल्याशिवाय घातलं की हवेचं बारीक छिद्र बुजतं आणि फेस येत नाही. गार आणि गाळलेलं दूध घाला.

अमेरिकेतला मामेभाऊ येताना आणतोय म्हणणाऱ्यांसाठी: तिथलं मशीन १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. प्लगचा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. १,५०० वॅटला ट्रान्सफॉर्मर मशीनएवढा जड येतो. नका आणू. आणि इथलं मशीनही ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला लावू नका, हिशोब साडेसहा अँपिअरवर जातो. मोठा १६ चा पॉइंट हवा.

पैशांचं म्हणाल, तर समजा मशीन ५०,००० चं आणि बीन्स किलोला १,५००. कपाला ९ ग्रॅम धरले तर किलोत १११ कप, म्हणजे कॉफीचे साडेतेरा रुपये, दूध वेगळं. रोज तीन-चार कप होत असतील आणि रात्री दहा मिनिटं सिंकजवळ उभं राहायची तयारी असेल तर घ्या. शनिवार-रविवारीच कॉफी पिणार असाल तर मोका पॉट घ्या, त्याला दिवे नसतात.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी शेवटचं. ब्रू ग्रुप बाहेर काढून वास घ्या. १०० मिली गरम पाणी काढून वेळ लावा, सलग तीन वेळा. दुधाच्या नळीच्या आत टॉर्च मारा. विकणारा अभिमानाने म्हणाला की डिस्केलचा दिवा कधी लागलाच नाही, तर मेनूत जाऊन हार्डनेसचा आकडा बघा आणि त्याला विचारा, तुमच्याकडे टँकर येतो का.

पुढच्या एपिसोडमध्ये ग्राइंडर. प्रश्न पाठवत राहा.