स्थानांतरी आनुवंशिक घटक

स्थानांतरी आनुवंशिक घटक : गुणसूत्रावरील (आनुवंशिक लक्षणे वाहून नेणाऱ्या, कोशिकेतील सुतासारख्या सूक्ष्म घटकावरील) आपली जागा सोडून किंवा आपली प्रत काढून अन्यत्र जाऊन बसणारे डीएनएचे खंड. जनुकांच्या जागा माळेतील मण्यांप्रमाणे कायम असतात, ही पूर्वीची समजूत यांच्या शोधामुळे बदलली.

अमेरिकन शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०–५० या दशकात कोल्ड स्प्रिंग हार्बर (न्यूयॉर्क राज्य) येथे मक्याच्या दाण्यांवरील ठिपक्यांच्या अभ्यासातून हे घटक शोधून काढले. ‘डीएस’ हा घटक रंगद्रव्य तयार करणाऱ्या जनुकात शिरला की, ते जनुक निकामी होऊन दाणा रंगहीन होतो. दाणा वाढत असताना एखाद्या कोशिकेत हा घटक तेथून निघून गेला, तर तिच्या विभाजनाने झालेल्या कोशिका पुन्हा रंगीत होतात व ठिपका उमटतो. ही घटना वाढीच्या आरंभी घडल्यास ठिपका मोठा व उशिरा घडल्यास लहान असतो. स्थानांतरास लागणारे एंझाइम डीएस तयार करू शकत नाही; ते ‘एसी’ हा दुसरा घटक पुरवितो. सूक्ष्मजंतूंतही असे घटक आढळल्यावर या शोधाचे महत्त्व सर्वत्र पटले. १९८३ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मॅक्लिंटॉक यांना देण्यात आले.

या घटकांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एका प्रकारात डीएनएचा खंड कापला जाऊन दुसरीकडे जोडला जातो. दुसऱ्यात मूळ खंड जागीच राहतो. त्याची आरएनए प्रत तयार होते, तिच्यावरून पुन्हा डीएनए बनतो व तो नव्या जागी बसतो. त्यामुळे प्रतींची संख्या वाढत जाते. मक्याच्या एकूण डीएनएपैकी सु. ८५ टक्के व मानवाच्या सु. ४५ टक्के भाग अशा घटकांपासून आलेला आहे. मानवातील बहुतेक प्रती उत्परिवर्तनांमुळे आता निष्क्रिय आहेत.

नवा घटक जनुकात शिरल्यास रोग उद्‌भवू शकतो. हीमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक रोगाच्या) दोन रुग्णांत असा ‘एल-१’ घटक नव्याने शिरल्याचे १९८८ मध्ये आढळले. सूक्ष्मजंतूंत प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके या घटकांबरोबर पसरतात. कोशिका डीएनएला मिथिल गट जोडून त्यांना बहुधा दडपून ठेवते.

तथापि हे घटक केवळ उपद्रवी नाहीत. मेंडेल यांनी अभ्यासलेला वाटाण्याचा सुरकुतलेपणा अशाच घटकामुळे निर्माण झालेला आहे. पृष्ठवंशी प्राण्यांत प्रतिपिंडांची विविधता घडविणारी ‘आरएजी’ जनुके प्राचीन स्थानांतरी घटकापासून उत्क्रांत झाली आहेत.